वसूल होईपर्यंत नफा म्हणू देऊ नका: सेबीच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

विषय: कोर्टातल्या दाव्यांना पैसा पुरवणाऱ्या कंपन्यांनी सामान्य लोकांकडून गुंतवणूक घेण्याबाबत.

महोदय,

दिवाणी न्यायालयाच्या नजारतीत, म्हणजे समन्स बजावणं, जप्ती करणं ही कामं पाहणाऱ्या शाखेत, माझी सगळी नोकरी गेली. बेलिफ म्हणून लागलो, नाझर म्हणजे त्या शाखेचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. शेअर बाजारातलं मला बेताचंच कळतं. पण आता बाजारच आमच्या कचेरीत शिरलाय, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

आमच्या भागात सध्या एक नवी गुंतवणूक फिरते आहे. कुणाचा तरी कोर्टात किंवा लवादापुढे मोठा दावा असतो आणि लढायला हाताशी पैसा नसतो. कंपनी वकिलाची फी, कोर्ट फी, तज्ज्ञांचा खर्च भरते. दावा जिंकला तर आलेल्या रकमेतला ठरलेला हिस्सा कंपनीचा. हरला तर कंपनीचे पैसे गेले, दावेदाराने काही परत करायचं नाही. लिटिगेशन फंडिंग म्हणतात त्याला. इथवर माझी काही तक्रार नाही. पण कंपनीला लागणारा हा पैसा निवृत्त माणसांच्या ग्रॅच्युइटीतून गोळा करायची टूम निघाली आहे, आणि मी कोर्टात होतो म्हणून लोक पत्रक घेऊन माझ्याकडे येतात. "अण्णा, हे बरं आहे का हो? कोर्टाचं आहे म्हणे."

पत्रक माझ्यासमोर आहे. चार पानी, गुळगुळीत कागद, वर तराजूचं चित्र. "शेअर बाजार पडला तरी कोर्टं बंद पडत नाहीत" असं पहिल्याच पानावर ठळक छापलंय. (पडत नाहीत हे खरं. चालतात असंही कुणी म्हणणार नाही.) आत "दुप्पट ते तिप्पट परतावा", "नामांकित निवृत्त न्यायाधीशांकडून तपासलेले दावे" वगैरे. पत्रक अस्सल मराठीत, आणि सही करायचा करार मात्र जाडजूड इंग्रजीत. किती दावे हरले, किती वर्षं लागली, तडजोड कुणी करायची, यातलं पत्रकात काही नाही. करारात आहे, पण तिथवर पोचतो कोण?

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवणं मला पाप वाटत नाही. आपल्याकडे ते नवीनही नाही. गावात भाऊबंदकीच्या दाव्यात एखादा सावकार मागून पैसा लावायचा आणि निकालानंतर जमिनीचा तुकडा घ्यायचा, हे जुन्या वकिलांना चांगलं ठाऊक आहे. इंग्लंडात असला व्यवहार शतकानुशतके बेकायदा होता. पण तो कायदा हिंदुस्थानला लागू नाही असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, १८७६ मध्येच राम कुमार कुंडू यांच्या खटल्यात सांगितलं. अट एकच घातली: व्यवहार दावेदाराच्या गळ्याला फास लावणारा नसावा. वकिलाला मात्र अशीलाच्या दाव्यात हिस्सा घेता येत नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ वकिलाला त्यापायीच शिक्षा दिली आणि त्याच निकालात म्हटलं की वकील नसलेल्याने असा करार केला तर त्यात मुळात अनैतिक काही नाही. २०१८ च्या ए. के. बालाजी प्रकरणातही तेच पुन्हा आलं.

आपल्या महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये खास दुरुस्ती आहे. दावा लढायला पैसा घेऊन वादीने त्याबदली दावा-मिळकतीत हिस्सा द्यायचं कबूल केलं असेल, तर पैसे देणाऱ्याला त्याच्या संमतीने वादी म्हणून सामील करून घेता येतं आणि प्रतिवादीच्या खर्चापोटी त्याच्याकडून तारण मागता येतं. मागून पैसा लावणारा माणूस कोर्टाला दिसला पाहिजे, एवढं आपल्या कायद्याला फार पूर्वीच कळलं होतं. त्या माणसाच्याही मागे आता शंभर-दोनशे गुंतवणूकदार उभे राहतील हे मात्र तेव्हा कुणाच्या डोक्यात आलेलं नसणार.

आणि पैसा लावणारा नसता तर काही माणसांना न्याय मिळालाच नसता, हेही कबूल करायला हवं. ब्रिटनमधल्या पोस्टमास्तरांचं प्रकरण घ्या. पोस्टाच्या संगणक प्रणालीने हिशेबात खोटी तूट दाखवली, त्यापायी शेकडो लोकांवर चोरीचा आळ आला, काहींना तुरुंग झाला. त्यांच्यातलेच एक ॲलन बेट्स आणि इतर मिळून ५५५ जणांनी दावा लावला. त्यासाठी पैसा थेरियम नावाच्या फंडिंग कंपनीने पुरवला. डिसेंबर २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. त्यातले सुमारे ४ कोटी ६० लाख वकील, खर्च आणि फंडिंगमध्ये गेले. माणशी वीस-एकवीस हजार पौंड हातात पडले. सरकारी भरपाईच्या योजना त्यानंतर आल्या. खुद्द बेट्स म्हणतात की बाहेरचा पैसा नसता तर हा लढा उभाच राहिला नसता. म्हणजे याच धंद्याने त्या लोकांना उभं केलं आणि तडजोडीतला मोठा वाटाही या व्यवस्थेनेच खाल्ला. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकदम मनात धरून मी पुढचं लिहितो आहे.

आता गुंतवणुकीचं.

पत्रकात "दुप्पट" लिहिलंय, किती वर्षांत ते लिहिलेलं नाही. रक्कम तीन वर्षांत दुप्पट झाली तर वर्षाला २६ टक्के पडतात. नऊ वर्षांत झाली तर ८ टक्के. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेने गेली काही वर्षं ८.२ टक्के दिलेत, तेही तिमाहीला खात्यात आणि सरकारच्या हमीवर. या देशात दिवाणी दावा, त्यावरचं पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग दरखास्त, म्हणजे जिंकलेल्या निकालाच्या वसुलीचा अर्ज, एवढं सगळं तीन वर्षांत उरकलं असं उदाहरण मला कुणी दाखवलं तर मी त्याचा सत्कार करीन. जिल्हा न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. लवाद जरा लवकर संपतो म्हणा, पण लवादाचा निवाडा आला की लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टात आव्हान ठरलेलं, त्यावर अपील ठरलेलं.

शिवाय या धंद्यात नफा सगळ्या दाव्यांतून सारखा येत नाही. बरेचसे दावे बेताचे निघतात, काही साफ बुडतात आणि एखादाच घबाड देऊन जातो. शेकडो दावे हाताशी असलेल्या कंपनीला हे परवडतं. ज्याची पाच लाखांची ठेव एकाच दाव्यासाठी काढलेल्या एलएलपीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेत, अडकली आहे त्याला नाही. लंडनच्या बाजारात नोंदलेल्या लिटिगेशन कॅपिटल मॅनेजमेंट या कंपनीचे २०२५ मध्ये एकापाठोपाठ खटले गेले आणि शेअर कोसळला. या लोकांचं आयुष्य दावे निवडण्यात गेलेलं. आमच्या पत्रकातल्या "नामांकित निवृत्त न्यायाधीशां"ची नावंसुद्धा छापलेली नाहीत.

या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी बर्फर्ड कॅपिटल. २००९ मध्ये निघाली, लंडनच्या छोट्या कंपन्यांच्या बाजारात नोंदली गेली, २०२० पासून न्यूयॉर्कच्या बाजारातही आहे. आपल्याकडची तरुण पोरं मोबाईलवरून परदेशी शेअर घेतात, त्यांना हे नाव माहीत आहे. तिची कथा सविस्तर सांगतो, कारण माझी मागणी तिच्यातूनच निघते.

२०१२ मध्ये अर्जेंटिना सरकारने वायपीएफ या तेल कंपनीतला रेप्सोल या स्पॅनिश कंपनीचा ५१ टक्के हिस्सा ताब्यात घेतला. कंपनीच्या नियमाप्रमाणे बाकीच्या भागधारकांनाही शेअर विकत घेण्याचा प्रस्ताव द्यायला हवा होता. सरकारने दिला नाही. पीटरसन नावाच्या समूहाकडे २५ टक्के शेअर होते, तेही कर्ज काढून घेतलेले. समूहाचं स्पेनमध्ये दिवाळं निघालं. त्या दिवाळखोरीतून बर्फर्डने २०१५ मध्ये अर्जेंटिनावर दावा करण्याचा हक्क दीड कोटी युरोंना विकत घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश लॉरेटा प्रेस्का यांनी, आणखी एका भागधारकाचा दावा धरून, १,६१० कोटी डॉलरचा निकाल दिला. पीटरसनच्या वसुलीतला ७० टक्के वाटा मुळात बर्फर्डचा. दीड कोटी युरो कुठे आणि हा आकडा कुठे! असं एक प्रकरण कानावर आलं की माणूस पत्रकावर सही करून मोकळा होतो.

पण मला रस आहे तो निकालाच्या आधीच्या वर्षांत. दावा चालू असतानाच बर्फर्डने त्यातल्या आपल्या हिश्शाचे तुकडे इतर गुंतवणूकदारांना विकायला सुरुवात केली. २०१९ च्या जूनमधल्या विक्रीच्या भावाने सगळ्या हिश्शाची किंमत शंभर कोटी डॉलर धरली गेली. तुकडे विकून आलेली रोकड खरीच होती. पण जो हिस्सा अजून हातात होता त्याचीही किंमत त्या भावाने वाढवून वहीत नफा म्हणून दाखवता येत होती. हिशेबाच्या नियमात हे बसतं, 'फेअर व्हॅल्यू' म्हणतात त्याला. आमच्या आईच्या भाषेत, बाजारात तुरी.

७ ऑगस्ट २०१९ रोजी मडी वॉटर्स या अमेरिकी फर्मने अहवाल काढला. बर्फर्डचा नफा फुगवलेला आहे आणि मोजक्या प्रकरणांवर उभा आहे, असा आरोप केला. कंपनीची वित्त अधिकारी ही मुख्याधिकाऱ्याची पत्नी आहे याकडेही बोट दाखवलं. एका दिवसात शेअर जवळपास निम्म्यावर आला. शेअर पडला की मडी वॉटर्सचा फायदा होणार होता, हे विसरायचं नाही. कंपनीने आरोप फेटाळले, वित्त अधिकारी मात्र लगेच बदलला. कोण खरं, कोण खोटं, हा निवाडा माझ्या कुवतीचा नाही. मला दिसतं ते एवढंच, की कोर्टात त्या दिवशी काहीही घडलं नव्हतं. कुठला दावा जिंकला नव्हता की हरला नव्हता. वहीतल्या एका अंदाजावरचा लोकांचा विश्वास उडाला आणि पैसा गेला. "शेअर बाजार पडला तरी" या वाक्याचं तेव्हा काय झालं, ते पत्रक छापणाऱ्याने सांगावं.

बरं, २०२३ चा निकाल लागला म्हणून अर्जेंटिनाने चेक फाडला का? अपील केलं. जून २०२५ मध्ये न्यायाधीशांनी वायपीएफचे ५१ टक्के शेअरच वादींच्या स्वाधीन करायचा आदेश दिला. नाझराच्या भाषेत जप्ती वॉरंट निघालं. त्याला अपील कोर्टाची स्थगिती आली.

मला याचं काही नवल वाटलं नाही. जप्तीला गेलेल्या माणसाला वाटणारही नाही. एका तालुक्याच्या गावी भातगिरणीवाल्याकडे पैशाच्या हुकूमनाम्याचं, म्हणजे निकालानंतर कोर्टाने काढलेल्या डिक्रीचं, वॉरंट घेऊन गेलो होतो. सोबत दरखास्तदाराचा कारकून आणि दोन पंच. गिरणीवाल्याने खुर्च्या टाकल्या, चहा मागवला, कागद नीट वाचला आणि एकेक फाईल काढून समोर ठेवली. यंत्रं बँकेकडे तारण. टेम्पो मेहुण्याच्या नावावर. घर आईचं, याने हक्कसोडपत्र केव्हाच लिहून दिलेलं. राहिली घरातली भांडी, अंथरुणं आणि हत्यारं. ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्त करता येत नाहीत. पंचनाम्यात शेवटी आमचं ठरलेलं वाक्य पडलं: "जप्त करण्याजोगी जंगम मिळकत मिळून आली नाही." कारकुनाने परत जाताना एसटीत मला विचारलं, "साहेब, मालकांना काय सांगू? ते तर म्हणतायत दावा जिंकला." हुकूमनामा बारा वर्षं जिवंत असतो, असं मी त्याला सांगितलं. आणखी काय सांगणार होतो?

हिंदुस्थानातल्या पक्षकाराची खरी अडचण हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होते, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये म्हटलं होतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या उच्च न्यायालयांकडून प्रलंबित दरखास्तींचा हिशेब मागवला. साडेआठ लाखांहून जास्त निघाल्या. त्यातल्या तीन लाखांहून जास्त एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या. दरखास्त लागते ती जिंकलेल्या माणसाला, म्हणजे ही सगळी जिंकलेल्यांची रांग आहे. पत्रकातला "जिंकलेल्या दाव्यांची टक्केवारी" हा आकडा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती रांग येते.

आणि प्रतिवादी बुडीत नसला, सरकारी असला, तरी निर्धास्त राहू नये. दिल्ली विमानतळ मेट्रोचं प्रकरण आपल्या कार्यालयात सगळ्यांना माहीत असेल, कारण त्यातली कंपनी मुंबईच्या बाजारातली. रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या उपकंपनीला २०१७ मध्ये दिल्ली मेट्रोविरुद्ध लवादाचा निवाडा मिळाला, व्याज धरता हजारो कोटींचा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये तो रद्द केला. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. पुनर्विलोकनाचा अर्ज फेटाळला गेला. आमच्या कचेरीत अशी फाईल बांधून रेकॉर्डला गेली असती. पण १० एप्रिल २०२४ रोजी क्युरेटिव्ह याचिकेवर, म्हणजे पुनर्विलोकनानंतर उरणाऱ्या शेवटच्या उपायावर, सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. तोवर मिळालेली रक्कम परत करण्याचा आदेश झाला आणि शेअर त्या दिवशी २० टक्के खाली येऊन थांबला, तोही सर्किट, म्हणजे एका दिवसातल्या घसरणीची बाजाराने घातलेली मर्यादा, लागलं म्हणून. २०२२ साली या निवाड्याची 'फेअर व्हॅल्यू' काढायला कुणाला सांगितली असती तर त्याने किती लिहिली असती? जवळपास पूर्ण रक्कम लिहिली असती आणि त्यात त्याची काही चूकही नसती.

काही वेळा आपला दावा नीट चालू असतो आणि दुसऱ्याच्याच दाव्यात घात होतो. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रकच्या किमतींबाबतच्या एका प्रकरणात ठरवलं की भरपाईतली टक्केवारी घेणारे फंडिंगचे करार वेगळ्या कायद्याखाली येतात, आणि त्याच्या अटी पाळलेल्या नसतील तर ते बंधनकारक नाहीत. देशभरातल्या फंडिंग कंपन्यांना रातोरात करार काढून तपासावे लागले. आपल्याकडे यावर संसदेचा स्वतंत्र कायदा नाही, निकालांवर भागतं आहे. लवादाच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की पैसा पुरवणारा त्या कार्यवाहीत पक्षकार नसेल तर हरल्यावरचा विरुद्ध बाजूचा खर्च त्याच्या माथी मारता येणार नाही. महाराष्ट्रातल्या दिवाणी दाव्यात आदेश २५ आहेच, ते वर सांगितलं. पत्रकात यातलं एक अक्षर नाही. "तुमची जोखीम फक्त गुंतवलेल्या रकमेपुरती" असं मात्र आहे. जणू ती रक्कम काही कमी आहे.

तडजोडीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण आमच्याकडची अर्धी भांडणं तिथे मिटतात, निदान मिटायला हवीत. लोकअदालतीच्या दिवशी दोन भाऊ बाकावर शेजारी बसतात, कुणीतरी दोघांच्या ओळखीचा मध्ये पडतो आणि तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दाखल होते. दावा काय भावात मिटवायचा हे वादी ठरवतो. कधी रकमेचा विचार असतो, कधी पोरीच्या लग्नाचा. यात परका पैसा आला की काय होतं? अमेरिकेत सिस्को या खाद्यपदार्थ पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीने मांसविक्रेत्यांवर दावे लावले होते, त्यात बर्फर्डचे सुमारे १४ कोटी डॉलर होते. सिस्को काही प्रतिवादींशी तडजोडीला तयार झाली. बर्फर्डला रक्कम कमी वाटली आणि तिने लवादाकडून तडजोडीला मनाई मिळवली. दोघांचंच भांडण २०२३ मध्ये कोर्टात गेलं. शेवटी दावेच बर्फर्डच्या ताब्यातल्या दुसऱ्या संस्थेकडे सोपवून ते मिटलं. ब्रिटनमध्ये उलट तऱ्हा. मास्टरकार्डविरुद्ध सुरुवातीला १,४०० कोटी पौंडांचा म्हणून गाजलेला दावा अखेर २० कोटी पौंडांवर मिटला, आणि पैसा लावणारी कंपनीच त्या तडजोडीला विरोध करत उभी राहिली.

सिस्को बलाढ्य कंपनी, तिला निदान भांडता आलं. आमच्याकडचा धरणग्रस्त किंवा बिल थकलेला छोटा ठेकेदार काय करील? आणि त्याच्या दाव्यात पैसे टाकलेल्या आमच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला कोण विचारणार? त्याला व्याज हवं असतं, वादीला मोकळं व्हायचं असतं, कंपनीला मोठा आकडा हवा असतो. तिघांची सही एकाच व्यवहारावर असते, पण तिघं एकमेकांना ओळखतही नाहीत.

महोदय, आता आपल्या अधिकाराचं. श्रीमंतांची मला काळजी नाही. त्यांच्यासाठी सेबीकडे नोंदलेले पर्यायी गुंतवणूक निधी आहेत, त्यांत कमीत कमी एक कोटी रुपये लागतात. तेवढे असणाऱ्याला वकील परवडतो. पण पत्रकातली तऱ्हा वेगळी आहे. प्रत्येक दाव्यासाठी वेगळी एलएलपी काढायची आणि गुंतवणूकदाराला त्यात भागीदार करून घ्यायचं. रोखे द्यायचे झाले तर खाजगी विक्रीला वर्षाला दोनशे माणसांची मर्यादा येते. भागीदाराला ती मोजत नाहीत. सेबी कायद्यात सामूहिक गुंतवणूक योजनेचं कलम ११ एए आहे, पण शंभर कोटींची रक्कम जमली की आपोआप योजना मानायची ही तरतूद लागू होऊ नये म्हणून प्रत्येक एलएलपी तिच्या बरीच खाली ठेवता येते. पैसे अनेकांचे, कारभार दुसऱ्याच्या हाती, गुंतवणूकदाराला रोजच्या कामात बोलायला जागा नाही. ही योजना नसेल तर योजना कशाला म्हणायचं, हे सेबीने परिपत्रक काढून एकदा स्पष्ट लिहावं. गोष्ट हाताबाहेर गेल्यावर मालमत्ता विकून ठेवीदारांना पैसे परत करण्याची कामं कशी चालतात ते आपण पाहिलेलंच आहे. ती प्रकरणं अजून संपलेली नाहीत.

बंदी मी मागत नाही. बंदी घातली तर पोस्टमास्तरांसारखे लोक आपल्याकडे एकटे पडतील आणि धंदा पुन्हा सावकाराच्या दिवाणखान्यात जाईल. मी मागतो ते हिशेबाचं. सामान्य माणसाकडून पैसा घेणाऱ्या अशा प्रत्येक कंपनीने नफ्याचे दोन रकाने ठेवावेत: बँकेत आलेली रक्कम एकीकडे, चालू दाव्यांच्या किमतीचा अंदाज दुसरीकडे. जाहिरातीत, पत्रकात, एजंटाच्या तोंडी, परतावा म्हणून पहिल्याच रकान्यातला आकडा यावा. मोठ्या कंपन्या आपल्या अहवालांत रोकड आणि अंदाज वेगळे करून दाखवू शकतात, तर आमच्या तालुक्यात येणाऱ्यांनाही जमेल. संपलेला प्रत्येक दावा, हरलेलासुद्धा, पैसे कधी घातले, निकाल कधी लागला आणि वसुली कधी झाली या तीन तारखांसह जाहीर व्हावा. निकाल आणि वसुली या दोन तारखांमध्ये किती अंतर असतं ते लोकांना एकदा दिसू द्या, बाकी समजवायला माझ्यासारख्याची गरज उरणार नाही. प्रतिवादीकडे आजच्या घडीला जप्त करता येण्यासारखं काय आहे, तेही कंपनीने लिहून द्यावं. दावा चांगला आहे का हे वकील सांगतो; पैसा मिळेल का, हे नजारतीत कळतं.

तडजोडीचा शेवटचा शब्द कुणाचा, हे पत्रकाच्या पहिल्या पानावर यावं. आणि ज्या भाषेत पत्रक, त्याच भाषेत करार. मराठीत आमिष आणि इंग्रजीत अटी हे चालू देऊ नये. सेबीने मनात आणलं तर एवढी गोष्ट कुठलाही कायदा न बदलता होईल असं मला वाटतं.

एजंटांच्या दलालीबद्दल वेगळं लिहीत नाही. या गुंतवणुकीचा मेळावा आमच्याकडे झाला, तेव्हा ज्या माणसाने हॉलमध्ये भाषण केलं तो आदल्या वर्षी विमा विकत होता आणि त्याच्या आधी प्लॉट. तो वाईट माणूस नाही. त्यालाही कुणी हुकूमनामा आणि वसुली यातला फरक सांगितलेला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "जिंकल्यावर पैसे येणारच ना, कोर्टाचा आदेश आहे." हॉलमधले चाळीस-पन्नास लोक मान हलवत होते.

पत्रकाची आणि करारातल्या पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कंपनीचं नाव या जाहीर पत्रात घेतलेलं नाही, कारण प्रश्न एकट्या तिचा नाही. झेरॉक्सवर ते आहे, फोन नंबरही आहे. आपल्या कार्यालयाकडून लेखी उत्तर आलं तर ते मराठीत यावं ही विनंती, म्हणजे मला ते पतसंस्थेच्या फलकावर लावता येईल. पुढचा मेळावा जाहीर झालेला आहे, तेव्हा उत्तर त्याच्या आधी यावं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नाझर
सातारा जिल्हा